आधी गाळ, मग दाब

साउथ बेंड, नोव्हेंबर. गॅरेजचं दार अर्धं वर.
सत्तावन्नची गाडी आ वासून उभी
आणि झिग्मंटमामा खुर्चीत, नाकात नळी.
नळी स्वयंपाकघरातून, दाराच्या फटीतून, इथवर.
पन्नास फूट.
मेलबॉक्सपर्यंत पोचत नाही, तीन पावलं कमी पडतात.

"बर्नडीन, आधी भाता बघ."
सुपरचार्जरला तो पोलिशमध्ये भाताच म्हणतो,
लोहाराचा असतो तोच शब्द.
मला तो शंख दिसतो. अॅल्युमिनियमचा, पट्ट्यावर फिरणारा,
तीन हजारांच्या पुढे असा शंख करतो
की शेजारचं कुत्रं पलंगाखाली शिरतं.
शंखाच्या तोंडाशी एअर क्लीनर, कॉफीच्या डब्याएवढा,
बॅटरी आणि रेडिएटरच्या मधे कोंबलेला,
रेडिएटरनं टाकलेली गरम हवा
पिढ्यान्‌पिढ्या पीत आलेला.

"हा इथे कुणी बसवला?"
"जागा होती तिथे बसवला," मामा म्हणाला.
मग दम खाल्ला.
"पण अलीकडे बसवला, हे शहाणपण.
आधी गाळ, मग दाब."

त्यानं मला शिकवलं ते असं:
शंखाच्या पलीकडे हवा ढकललेली असते.
कार्ब्युरेटर म्हणूनच बंद डबीत, वर झाकण घट्ट.
तिथे भोक पडलं तर हवा बाहेर पळते,
शिट्टी घालते, आपल्याला कळतं.
अलीकडे मात्र सगळं ओढलं जातं,
सैल क्लॅम्पमधून, चिरलेल्या रबरातून,
मक्याच्या कापणीची धूळ, रस्त्यावरची वाळू, काहीही.
अलीकडचं भोक
कधी ओरडत नाही.

एकवीस वर्षं तो फाउंड्रीत वाळूचे साचे फोडायचा.
हे त्यानं सांगितलं नाही. मला माहीत आहे.

मला थंड हवा हवी होती, बंपरच्या मागची.
त्यासाठी पत्रा कापावा लागणार,
आणि मूळ पत्रा कापला की प्रदर्शनातले पंच
वहीत काहीतरी लिहितात, मान न हलवता.
मी खडूनं वर्तुळ काढलं, पुसलं, पुन्हा काढलं.
मामा झोपला असावा असं वाटलं.
"उजव्या दिव्यामागे बघ," तो म्हणाला, डोळे मिटूनच.
"हीटरच्या गाड्यांसाठी भोक पाडून ठेवायचे.
बाकीच्यांना पट्टी मारायचे."

चार स्क्रू. तीन निघाले, एक तुटला.
पट्टीमागे भोक होतंच,
आणि भोकात उंदराचं घरटं,
जुन्या फिल्टरच्या कागदाचं, घडी न् घडी कुरतडून
इतकं मऊ केलेलं
की फेकताना मी हातमोजा काढला.

हवा हवी, पण वस्त्रगाळ हवी.
हे मनात आलं आणि मी पान्याला हात घालायचं विसरले.
मामाचं यंत्र कुठे आहे?

स्वयंपाकघरात, फ्रिजच्या मागे.
आवाज नको म्हणून मीच सरकवलं होतं उन्हाळ्यात.
पाठ भिंतीकडे, भिंतीत भट्टीची जाळी,
जाळीतून गरम वारा, वाऱ्यात मांजराचे केस,
आणि पाठीवरचा फोमचा चौकोन
फेल्टसारखा करडा, जड, बोटाला चिकटणारा.
दर रविवारी धुवा, असं त्यावरच छापलेलं.
मी रेडिएटरमागच्या डब्याला हसले होते.

बदलीचा फोम ड्रॉवरमध्ये होता,
पाकीटही न फोडलेला.
यंत्र ओढलं, उत्तरेच्या खिडकीशी आणलं,
चारही बाजूंना हातभर जागा सोडली.
जुना नळाखाली धरला.
पाणी बराच वेळ काळं येत राहिलं,
नंतर करडं,
मग मीच नळ बंद केला.

परत आले तेव्हा नळीला वळसे कमी होते.
आता ती मेलबॉक्सच्या एक पाऊल अलीकडे पोचली असती.
मामानं डोळे उघडले.
"कुठे गेली होतीस?"
"क्लॅम्प आणायला."
माझ्या ओल्या हातांकडे त्यानं बघितलं.
"दोन लागतात," म्हणाला. "एक कधीच पुरत नाही."